नाण्यावरचा राजा



कनवटीचा रुपया काढून पाहा. एका बाजूला सिंह आहेत. दुसऱ्या बाजूला किंमत आणि साल आहे. आता हे तुम्हाला वाचता येते. फार जुन्या काळीही नाणी अशीच बोलत.

दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडे रोमचे मोठे राज्य होते. तिथले सोन्याचे नाणे सुमारे आठ ग्रॅमचे असे. त्यावर राजाचा चेहरा आणि भोवती त्याचे नाव. मागे कधी बैल, तर कधी पंख असलेली विजयदेवी. तेव्हा वर्तमानपत्रे कुठली? राजा कोण, लढाई कोणी जिंकली, हे नाणेच गावोगाव सांगे.

रोमच्या मुलखातली गलबते मालासाठी आपल्या किनाऱ्याला येत. भडोच बंदरात रोमची नाणी बदलली की नफा होई.

आपल्याकडचा राजा नहपान. त्यानेही चांदीच्या नाण्यावर आपला चेहरा उठवला. मागे बाण आणि वज्र काढले. त्याच्या जावयाचे नाव उषवदात. नाशिकच्या पांडवलेण्यांत त्याचा लेख आहे. त्यात आपल्या डहाणूचे नाव आहे बरे का! तिथल्या नदीवर त्याने लोकांसाठी फुकट नावा ठेवल्या होत्या. सोन्याच्या एका नाण्याला चांदीची ३५, हा भावही त्या लेखात आहे.

पुढे १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी इथे चांदीची १३,००० हून जास्त नाणी सापडली. त्यांतल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर नहपानाच्या चेहऱ्यावरच गौतमीपुत्र सातकर्णीचा ठसा मारलेला होता. नहपानाला कोणी हरवले, ते त्यावरून पक्के कळले. ती सगळी नाणी मुशीत गेली असती, तर हा पुरावाही वितळला असता.

म्हणून सांगतो, नांगराला जुने नाणे लागले तर घासू नका, वितळवू नका. पुरलेल्या धनाचा १८७८ चा कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचे धन सापडले, तर कलेक्टरांना लेखी कळवावे लागते. काय सापडले, किती, कुठे आणि कोणत्या तारखेला, एवढे लिहायचे. सापडणाऱ्याचा हक्क कायद्याने धरला आहे. पण धन लपवले, तर हक्क जातो आणि शिक्षाही होते.

आता तुम्हाला लिहिता येते. तो अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका. स्वतः लिहा आणि खाली सही करा.