पाठीच्या मण्यांची माळ

(एकादशीला लिंबागणेश येथे दिंडीच्या वारकऱ्यांपुढे केलेले बोलणे, जसेच्या तसे उतरून घेतले.)



आज अभंग सोडवायचा नाही. आज पाठीवर बोलायचं हाय. तुम्ही म्हणाल, बुवा चौथी शिकलेले, हे डॉक्टरचं काम यांना कुणी सांगितलं? सांगितलं डॉक्टरांनीच. आन् ते मला लई उशिरा कळलं. का उशिरा, ते पुढं सांगतो.

आपल्या गळ्यात तुळशीची माळ हाय. तशीच एक माळ देवानं पाठीत घातली. मणी म्हणजे मणका. जन्मताना 33 मणके असतेत. मानेत 7, छातीच्या मागं 12, कमरेत 5. त्याखाली 5 असतेत, ते मोठेपणी जुळून एकच हाड होतं. शेवटी साधारण 4 बारके, त्यांचं माकडहाड. छातीच्या बाराही मणक्यांना बरगड्यांची एकेक जोडी, म्हणून तिथं पाठ कमी वाकती. सगळं वाकणं येतं मानेवर आन् कमरेवर.

ही माळ सरळ काठीसारखी नाही. लेकरू जन्मतं तव्हा पाठ एकाच बाजूला वाकलेली असती. मान धरायला लागलं की मानेला बाक येतो, उभं राहून चालायला लागलं की कमरेला येतो. त्या बाकांमुळंच पाऊल पडल्याचा हिसका डोक्यापर्यंत जात नाही.

मणक्यामणक्यात गादी असती. अशा 23 गाद्या. बाहेरून चिवट, आत ओलसर गर. दिवसभर उभं राहिलं, ओझं वाहिलं की त्यातलं पाणी दबून कमी होतं. रात्री आडवं झालं की परत भरतं. म्हणून माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा जवळजवळ एक सेंटिमीटर उंच असतो. मुक्कामाची झोप पाठीलाही लागती, ती याच्यासाठी.

आता माळेचा दोरा. मणक्यांच्या मागच्या पोकळीतून मेंदूपासून मज्जारज्जू खाली येतो, साधारण करंगळीएवढा जाड. त्यातून नसांच्या 31 जोड्या निघतेत. हाताला, पायाला, लघवीला, सगळीकडं. हा दोरा कमरेच्या वरच्या अंगालाच संपतो. पुढं नुसत्या नसांचा झुबका, रिंगणातल्या घोड्याच्या शेपटीसारखा. डॉक्टरही त्याला घोड्याचं शेपूटच म्हणतेत.

आता सगळे उभे राहा. पांडुरंगासारखे दोन्ही हात कमरेवर ठेवा. कमरेच्या हाडाच्या कडेनं अंगठे मागं सरकवा. जिथं ते पाठीला भेटले, तिथं कमरेचा चौथा मणका, थोडा वर नाही तर खाली. त्याच्या खालच्या दोन गाद्या सगळ्यात जास्त त्रास देतेत. बसा आता.

आपल्या भागातली किती माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जातेत, तुम्हाला सांगायला नको. मी आन् आमच्या घरचीनं बारा हंगाम केले. दिवसभर वाकून ऊस तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. मोळी उचलताना वाकलं आन् तसंच कमरेतून पिळलं, की गादीवर सगळा भार येतो. एक दिवस गादीला चीर पडती, गर बाहेर येऊन नस दाबतो. मग कमरेतून पायाच्या पंजापर्यंत चमक जाती.

तिची चमक दोन वर्षं होती. उसण भरली म्हणायची, तेल चोळायची. आठ वर्षांखाली आषाढीला ती डोक्यावर तुळस घेऊन आपल्या दिंडीत होती. तुळशीनं पाठ मोडली असं मी म्हणत नाही. वाटेत एका मुक्कामाला म्हणाली, पाय बधिर झालेत. मी काय म्हणालो? "नाम घे, पांडुरंग चालवील." दुसऱ्या दिवशी बसायची जागा बधिर झाली, लघवी तुंबली. लाजेनं मला सांगितलं नाही, सोबतच्या बाईला सांगितलं. त्या बाईनं मला हाक मारली तव्हा तिसरा दिवस होता.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी प्लास्टिकचे मणके हातात देऊन मला सगळं दाखवलं आन् म्हणाले, "महाराज, ते शेपूट दबलं होतं. अशा वेळी दिवस नाही, तास मोजायचे असतेत." लघवी सुधारली. उजवा पाय अजून ओढती. आता ती सामानाच्या ट्रकमधून वारीला येती. मला ती कधी काही बोलली नाही. म्हणून मीच तुमच्यापुढं बोलतोय.

तर माऊली, एवढं ध्यानात ठेवा. ओझं उचलताना गुडघ्यात बसा, ओझं अंगाशी धरा, उचलून मग पायानं वळा, कमरेनं नाही. स्वयंपाकाचं मोठं पातेलं दोघांनी उचला. तुळस, वीणा आळीपाळीनं घ्या. साधी कंबर धरली तर आठ-आठ दिवस अंथरूण धरू नका, जमेल तसं हळूहळू चाला. पण पायातलं बळ गेलं, बसायची जागा बधिर झाली, लघवी-संडासचा ताबा गेला, तर वारी तिथंच थांबवा, त्याच घटकेला दवाखाना गाठा. वारी पुढच्या सालीही असती.

बायांनो, हे सांगायला लाजू नका. आन् गड्यांनो, ती सांगती तव्हा नाम घे म्हणून गप बसवू नका. नाम गाडीत बसूनही घेता येतं. ती गाडी बोलवायचं काम आपलं हाय.

राम कृष्ण हरी.