आपल्या शेजारचा तांडा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई, मला भाषणाचा सराव नाही. पण चिटणीसबाईंनी आग्रह केला, म्हणाल्या, "ठाऊक आहे तेच सांगा." म्हणून आपल्या शेजारच्या तांड्याविषयी चार शब्द बोलते. चुकले तर पदरात घ्यावे.

मंठा, परतूर, घनसावंगी, आपल्या जालना जिल्ह्यात कुठेही जा, तांडा लागतोच. आपण त्यांना लमाणी म्हणतो. ते स्वतःला 'गोर' म्हणवितात. त्यांची गोरबोली राजस्थानकडच्या बोलींना जवळची. आईला त्या बोलीत 'याडी' म्हणतात. पूर्वी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून हे लोक देशभर फिरत. मोगलांच्या फौजांनाही दाणागोटा तेच पोचवीत. पुढे इंग्रजांची आगगाडी आली, मिठावर सरकारचा ताबा आला आणि हा धंदा बसला. त्यात भर म्हणून १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरविल्या. ठिकठिकाणच्या बंजाऱ्यांवरही तो शिक्का बसला. म्हणजे पाळण्यातले मूलसुद्धा चोर! स्वराज्य आल्यावर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा उठला.

कायदा उठला, पण आपल्या मनातून उठला का? माझीच गोष्ट सांगते. मागच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझी चांदीची अत्तरदाणी सापडेना. त्या दुपारी तांड्यावरची एक बाई सरपण घेऊन अंगणात आली होती. माझ्या तोंडून निघून गेले, "तीच असणार." तुमच्यापैकी काहींनी माना डोलावल्या. चार दिवसांनी अत्तरदाणी वाणाच्या टोपलीत, तिळगुळाच्या पुड्यांखाली सापडली. मी ती गुपचूप कपाटात ठेवली. चोरीची बातमी गावभर गेली होती. वस्तू सापडल्याची मात्र घराबाहेर गेली नाही. ती बाई पुन्हा आपल्या गल्लीत आली नाही.

श्रावणात मन राहवेना, म्हणून तांड्यावर गेले. तेथे तीज चालू होती. कुमारिका मुलींनी टोपल्यांत गहू पेरले होते आणि गाणी म्हणत त्यांना पाणी घालीत होत्या. मी त्या बाईची माफी मागितली. तिने आधी बसायला घोंगडी घातली, चहा दिला, मग म्हणाली, "ताई, वस्तू सापडली, बरे झाले. पण माझी पोर शाळेत जाते. तिला बाकीच्या पोरी काय म्हणतात, ते तुम्हाला नाही माहीत." मला मान वर करवेना. पुढे तिने आपल्या आईचा फेटिया दाखविला. आरसे, कवड्या आणि एकेक टाका हाताचा! दसरा-दिवाळीनंतर नवराबायको कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, मुले आजीजवळ राहतात.

माझ्या मुलीने मला अमेरिकेतल्या चेरोकी लोकांविषयी वाचून दाखविले. त्यांच्यातल्या सिक्वोया नावाच्या माणसाला इंग्रजी लिहिता-वाचता येत नव्हते, तरी त्याने १८२१ च्या सुमारास आपल्या बोलीसाठी लिपी बनविली. १८२८ साली त्या लिपीत वर्तमानपत्रही निघाले. एवढ्या शहाण्या लोकांना १८३८-३९ साली शिपायांकरवी घरांतून काढून शेकडो कोस दूर हाकलले. वाटेत आणि छावण्यांत सुमारे ४,००० माणसे मेली असे सांगतात. ऐकताना वाटले, एकदा माणसाला हलके ठरविले की त्याचे शहाणपण कोणाला दिसत नाही.

आपल्याकडे तरी दुसरे काय? पुसद तालुक्यातल्या गहुलीच्या बंजारा घरातले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांवर महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांच्या जन्मदिवशी, १ जुलैला, आपण कृषिदिन पाळतो. आणि त्यांच्याच समाजाची बाई दारात आली की भांडी मोजतो!

भगिनींनो, अत्तरदाणी माझ्या घरीच होती, हे आज सगळ्यांसमोर सांगते. स्मरणिकेतही छापावे, म्हणजे जिथे ती खोटी बातमी गेली तिथे ही खरीही जाईल. आणि एक विनंती करते. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे बोलावणे तांड्यावरही जावे. ते घेऊन मी स्वतः जाईन. माझ्याबरोबर कोण येते, ते आज सांगा.