बंद खोलीतला हिवाळा

जालन्यात डिसेंबरात रात्रीचा पारा दहा-बारा अंशांवर आला, की एमआयडीसीला लागून असलेल्या चंदनझिरा, नागेवाडी या भागांतल्या कितीतरी भाड्याच्या खोल्यांच्या खिडक्या बंद होतात आणि फटींत पोत्याचे बोळे बसतात. यामागे दोन कारणे सांगितली जातात, थंडी आणि धूर. दोन्ही खरी आहेत. तरीही जालन्याच्या हिवाळ्यात घर बंद ठेवणे हे उघडे ठेवण्यापेक्षा अधिक घातक आहे, असे माझे म्हणणे आहे. खिडकी उघडायची की नाही, हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. ती कोणत्या वेळी उघडायची, हे ठरवले पाहिजे.

आधी बंद खोलीचा हिशेब करू. दहा बाय दहाची, नऊ फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात साधारण २५ घनमीटर हवा मावते. झोपलेला माणूस तासाला बारा-तेरा लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो, म्हणजे चौघे मिळून तासाला ५० लिटर. बाहेरच्या हवेत या वायूचे प्रमाण ०.०४ टक्क्यांच्या थोडे वर आहे. म्युनिकच्या माक्स फोन पेटेनकोफर या आरोग्यशास्त्रज्ञाने १८५८ साली राहत्या खोलीसाठी ०.१ टक्क्याची मर्यादा सुचवली होती. आपली खोली खरोखर हवाबंद असेल, तर ती मर्यादा पहिल्या वीस मिनिटांतच ओलांडली जाते आणि पहाटेपर्यंत प्रमाण दीड टक्क्यावर पोचते. दाराखालच्या फटी ते तितके चढू देत नाहीत, पण त्याच फटी आपण थंडीत बुजवतो. एवढ्या प्रमाणात हा वायू जीव घेत नाही. पेटेनकोफरनेही त्याच्याकडे खूण म्हणूनच पाहिले होते: एकाने सोडलेला श्वास दुसरा किती घेतो आहे, याची खूण. क्षयाचे जंतू पसरतात ते याच वाटेने. शिवाय चौघांच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात लिटरभराहून अधिक पाणी हवेत मिसळते. पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूने ओघळणारे थेंब, दमट वाकळा आणि कोपऱ्यातली काळी बुरशी यांचा उगम तिथे आहे.

यात कुणी घमेल्यात निखारे घेऊन झोपला, तर प्रश्न आजाराचा राहत नाही, जिवाचा होतो. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. झोपलेल्याला जाग येत नाही. न्हाणीघरात बसवलेल्या गॅस गीझरचेही तेच. झरोका नसलेल्या न्हाणीघरात तो बसवणे मला अक्षम्य वाटते.

आता थंडी. खिडकी लावली की चार माणसांच्या अंगची ऊब खोलीत टिकते, हे मान्य. पण त्या २५ घनमीटर हवेचे वजन तीस किलो, आणि भिंतींचे कित्येक टन. ऊब मुख्यतः भिंती धरून ठेवतात. म्हणून जर्मनीत ऐन हिवाळ्यात पाच-दहा मिनिटे सगळ्या खिडक्या सताड उघडून हवा बदलतात आणि पुन्हा लावून घेतात. घर गार पडत नाही. आपल्याकडे तर दुपारी अठ्ठावीस-तीस अंश तापमान असते. तेव्हा खिडकी उघडली, तर बाहेरून ऊबच आत येते. आणि पत्र्याच्या खोलीत रात्रीची ऊब जाते ती बहुतेक पत्र्यातून. खिडकी बुजवून ती फारशी अडत नाही.

धुराची हरकत अधिक वजनदार आहे, आणि ती उडवून लावणे मला पटत नाही. भंगार वितळवणाऱ्या भट्ट्या आणि रोलिंग मिल यांवर हे गाव उभे आहे. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत जालना आहे. खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवले तर काळी भुकटी लागते. पण हा धूर दिवसभर सारखा नसतो. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगत थंड हवेचा थर बसतो आणि वरच्या उबदार हवेखाली धूर कोंडला जातो. मध्यरात्रीपासून सकाळी आठ-नऊपर्यंतचा काळ त्यामुळे सर्वांत वाईट. ऊन तापले की तो थर मोडतो आणि धूर वर चढून पसरतो. म्हणून मोठी खिडकी आणि दार समोरासमोर उघडायचे ते अकरा ते चारच्या दरम्यान. रात्री मोठी खिडकी लावून घ्यावी, पण कारखान्याच्या उलट बाजूला, उंचावर एक लहान झरोका उघडाच ठेवावा. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदांना धूर जाण्यासाठी आणि उजेडासाठी साणे असे, ते याच उपयोगाचे. स्लॅब आणि पत्रे आले तेव्हा ते गेले, त्याच्या जागी दुसरे काही आले नाही.

डासांचे काय, असे विचारले जाईल. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका मच्छर कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघाल्याचे आढळले होते. बंद खोलीत कॉइल लावण्यापेक्षा खिडकीला जाळी आणि अंथरुणावर मच्छरदाणी कितीतरी बरी.

खरी अडचण रात्रपाळीची आहे. एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणारे कामगार हवा बदलण्याच्या नेमक्या वेळी, दार-खिडकी लावून गाढ झोपलेले असतात. ती खोली कधीच रिकामी होत नाही, म्हणून कधीच उघडत नाही. तिथे उपदेश निरुपयोगी आहे. बांधकाम बदलायला हवे. राष्ट्रीय इमारत संहिता उष्ण-कोरड्या प्रदेशात खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक दशांश इतकी उघडी जागा मागते, म्हणजे आपल्या खोलीला दहा चौरस फूट. भाडेकरू भिंत फोडू शकत नाही, मालक फोडू शकतो. छताखाली समोरासमोरच्या भिंतींतून दोन-दोन विटा काढून तिथे सिमेंटची जाळी बसवायला गवंड्याला अर्धा दिवस पुरतो. आणि कामगारांच्या राहण्याची सोय कारखाना किंवा ठेकेदार करत असेल, तर भाडे ठरण्याआधी ही जाळी पाहण्याची जबाबदारी त्यांची आहे.