वाड्याचे अंतरंग

जुन्या वाड्याचे वर्णन वाचताना देवडी, सोपा, खण, तुळई हे शब्द आपण सराईतपणे ओलांडून जातो. परंतु वाड्याची खरी गंमत त्यांतच साठलेली असते. महाद्वाराच्या भक्कम फळीत बसविलेला, वाकूनच आत शिरावे लागेल असा लहान दरवाजा ती दिंडी. आणि आत शिरताच दोहों बाजूंस पहारेकऱ्यांच्या बैठकीची जागा ती देवडी. पुढे लागतो चौक, म्हणजे उजेड आणि वारा घरभर खेळविणारे, आभाळाला मोकळे असलेले अंगण. त्याच्या भोवती खांबांच्या रांगांनी तोललेले सोपे, म्हणजे चौकाकडे उघडी असलेली दालने. दर्शनी सोप्यावर कारकुनांची वर्दळ, तर आतल्या बाजूस माजघर व मुदपाकखाना.

दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण, आणि घराचा विस्तार याच मापाने सांगत. दगडी तळखड्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळई म्हणजे आडवे तुळवट, तुळईवर कडीपाट म्हणजे कड्या व फळ्यांचे छत, असा इमारतीचा बराचसा भार लाकडी सांगाडाच पेलीत असे. सुरूच्या घाटाचे खांब व त्यांना सांधणारी नक्षीदार महिरप हे, माझ्या मते, या शैलीचे सर्वांत देखणे अंग होय.

लाकडाचा हा सोस महागातही पडला. 1732 साली पूर्ण झालेला पुण्याचा शनिवारवाडा 1828 च्या आगीत जळाला. तट, दरवाजे व चौथरे तेवढे उरले. दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी सज्जाचे सागवानी कोरीवकाम मात्र आजही रस्त्यावरून दिसते. ते अवश्य पाहावे.