अंगणातला बिबट्या आणि गटाची शेळी

मी आंबेगाव तालुक्यातल्या लोणीहून बोलतेय. बचत गटांच्या बैठकांसाठी मी वस्त्यांवर फिरते. पूर्वी बैठकीत पहिला विषय हप्त्याचा असायचा. हल्ली सतरंजीवर टेकायच्या आतच कुणीतरी म्हणतं, "ताई, काल आमच्या दारात आला होता." कोण, हे विचारावं लागत नाही.

मागच्या पावसाळ्यात आमच्या एका गटातल्या मावशींची शेळी गेली. गटाच्या कर्जातून घेतलेली, पहिल्या वेताची गाभण. गोठ्याला चारी बाजूंनी तुराट्यांचा कूड होता, पण वर निम्मं उघडं. बिबट्याला कूड कशाला तोडायला लागतोय? तो वरून उतरला. सकाळी सून घाबरलेली, पोरं रडतायत, म्हणून मावशींनी बांधाला खड्डा करून शेळी पुरून टाकली. मला कळलं तिसऱ्या दिवशी. भरपाईसाठी पंचनामा लागतो, आणि पंचनाम्याला जागेवर काहीच उरलं नव्हतं. हप्ता मात्र थांबला नाही. तीन महिने बाकीच्या नऊ जणींनी वाटून भरला.

म्हणून हे आधी सांगते. जनावर गेलं तर ते हलवू नका, पुरू नका. ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवा. वनरक्षकाचा नंबर नसेल तर १९२६ हा वनखात्याचा मोफत नंबर आहे, तो चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवा. मोबाईलमधला नंबर ऐन वेळी सापडत नाही.

आता तो येतो का? लोणी-धामणीचा भाग तसा कमी पाण्याचा, पण घोड नदीच्या काठानं, पारगावच्या बाजूला उसच ऊस. ऊस वर्ष-दीड वर्ष उभा राहतो. आत गारवा, पाणी जवळ, माणसाची ये-जा कमी. मादी तिथंच विते. तिच्या बछड्यांनी जंगल पाहिलेलंच नसतं, ऊस हेच त्यांचं घर. आणि खायला काय? अकोले तालुक्यात, अशाच उसाच्या भागात, अभ्यासकांनी बिबट्याची विष्ठा तपासली. त्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला.

हे वाचल्यावर मी आमच्याच घरामागं जाऊन उभी राहिले. उकिरडा घराला लागून. रविवारची कोंबडीची पिसं-आतडी तिथंच टाकायची, खरकटं तिथंच. त्यावर गावची कुत्री रात्रभर. एका पहाटे आमचं कुत्रं गेलं, तेव्हा मी बिबट्याला शिव्या घातल्या होत्या. बोलावणं आमचंच होतं. आता उकिरडा लांब नेलाय, आणि कोंबडीचा कचरा खोल पुरते.

"पिंजरा लावा आणि घेऊन जा," असं सगळेच म्हणतात. मीही म्हणायचे. २००१ ते २००३ च्या दरम्यान जुन्नर भागातले बरेच बिबटे धरून लांबच्या जंगलात सोडले होते. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तर जिथं सोडले तिथं माणसांवर हल्ले सुरू झाले आणि इकडंही कमी झाले नाहीत. एक उचलला की त्याची मोकळी जागा दुसरा धरतो. माणसावर येणारा धरलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण दिसेल तो प्रत्येक धरून माणिकडोहच्या केंद्रात तरी किती ठेवणार?

भीती खोटी नाही, हेही बोलायला हवं. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्या शेजारी शिरूर तालुक्यात, पिंपरखेड-जांबूत भागात, वीसेक दिवसांत तीन जीव गेले. त्यातली दोन लेकरं होती. तिथल्या बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागल्या. वाकलेलं किंवा बसलेलं माणूस त्याला लहान जनावरासारखं दिसतं. आणि वाकून काम कोण करतं? खुरपणारी, गवत कापणारी, पहाटे अंधारात बाहेर बसणारी. आपणच. म्हणून उसाच्या कडेला एकटीनं खुरपू नका. दोघी-तिघी असाल तर एकीनं उभं राहावं, मोठ्यानं बोलत राहावं. तिन्हीसांजेनंतर पोरं ओट्याच्या आत. आणि बायांनो, ज्यांनी संडासात सरपण भरून ठेवलंय त्यांनी ते आजच बाहेर काढा. मी घरं मोजली आहेत, नावं घेत नाही!

समोर आलाच तर पळू नका, पाठ फिरवू नका, खाली बसू नका. लेकरू कडेवर घ्या, आवाज करा, त्याच्याकडं तोंड ठेवून हळूहळू मागं सरा. गर्दी करून, मोबाईल धरून त्याला घेरलं तर त्याला जायला वाट राहत नाही, मग तो माणसावर येतो.

आता ऊसतोड सुरू होईल. फडात बछडे सापडले तर घरी आणू नका, कुरवाळू नका. काम थांबवून वनखात्याला बोलवा. ते बछडे त्याच जागी ठेवतात आणि बहुतेक वेळा आई रात्री येऊन घेऊन जाते. बछडे हलवले तर ती शोधत वस्तीवर येते, हे तोडणीवाल्या बायांनाही सांगा. त्यांच्या कोप्या फडालाच लागून असतात, दार म्हणजे नुसतं पोतं, आणि हा कार्यक्रम त्यांच्या कानावर पडत नाही.

शेवटचं, पैशाचं. आमच्या गटानं ठरवलंय की शेळीसाठी कर्ज मागितलं तर आधी गोठा बघायचा. चारी बाजूंनी तारेची जाळी, वरून पत्रा किंवा जाळी, खाली फट नको, दाराला आतबाहेर कडी. जाळीसाठी वेगळं छोटं कर्ज देतो, आणि त्याचा हप्ता शेळी व्यायल्यावर सुरू करतो. पहिली जाळी मावशींच्याच गोठ्याला लागली. खर्च जास्त वाटतो, म्हणून दोघी शेजारणी मिळून एकच गोठा करायचं काही ठिकाणी चाललंय. तुमच्या गटात हा विषय काढायचा असेल तर पुढच्या बैठकीला येताना गोठ्याची लांबी, रुंदी, उंची कागदावर लिहून आणा. अंदाजानं सांगितलं की जाळी कमी पडते, आमची दोनदा पडली.