निरोगी देहातील रोगबीज
(केंद्रसभेत प्राथमिक शिक्षकांपुढे झालेले भाषण)



आरोग्याचा पाठ घेताना रोग्यापासून रोग होतो, असे आपण मुलांना शिकवितो. तापाने फणफणलेला, खोकणारा, अंगावर पुरळ उठलेला माणूस मुलांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो आणि पाठ संपतो. काही रोगांच्या बाबतीत हे शिक्षण अर्धेच राहते. ज्याला ताप नाही, ज्याची भूक चांगली आहे, जो पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत कष्ट करतो, अशा धडधाकट माणसाच्या पोटातही दुसऱ्याचा प्राण घेणारे जंतू वर्षानुवर्षे सुखाने नांदू शकतात. वैद्यकशास्त्र अशा माणसास 'वाहक' म्हणते. ज्या शाळेत दररोज मुलांची पंगत बसते, तेथील शिक्षकास या वाहकाची ओळख असणे अगत्याचे आहे.

विषमज्वराचे, म्हणजे टायफॉइडचे, उदाहरण घ्यावे. खेड्यापाड्यांत यालाच मुदतीचा ताप म्हणतात. एबर्थ या जर्मन शास्त्रज्ञाने १८८० मध्ये या रोगाचा जंतू पाहिला व १८८४ मध्ये गाफ्की याने तो प्रयोगशाळेत वाढविला. हा जंतू माणसावाचून दुसऱ्या कोणाच्या आश्रयाने राहत नाही. गाय, म्हैस, कोंबडी, कुत्रा यांच्यापासून हा ताप येत नाही. याचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. विषमज्वराने अंथरूण धरलेल्या प्रत्येक मुलाच्या पोटातील जंतू हा कोणातरी माणसाच्या पोटातूनच आलेला असतो. मधला मार्ग पाण्याचा असेल, दुधाचा असेल, माशीच्या पायांचा असेल. आरंभ मात्र मानवी देहातच असतो.

पोटात गेलेला जंतू लहान आतड्याची भिंत ओलांडून रक्तात उतरतो, यकृतात जातो आणि पित्ताशयातही पोहोचतो. पुढे ताप उतरतो, रोगी भाकरी मागू लागतो, घरचे लोक देवापुढे नारळ फोडतात. परंतु काहींच्या पित्ताशयात जंतू मागे राहतात. तेथे पित्ताचे खडे असतील तर त्यांवर ते चिकट थर करून बसतात, आणि त्या थरात औषधाचाही सहजी शिरकाव होत नाही. तेथून ते पित्तावाटे आतड्यात व मलावाटे बाहेर पडत राहतात. वर्षाहून अधिक काळ हे असे चालले, की तो माणूस कायमचा वाहक समजला जातो. विषमज्वरातून उठलेल्या शंभरांपैकी साधारणतः १ ते ५ जण असे वाहक होतात. त्यांत स्त्रिया आणि उतारवयाची माणसे अधिक. काहींना आपल्याला हा ताप कधी आला होता याची आठवणही नसते, इतका तो सौम्य येऊन गेलेला असतो.

जर्मनीतील रॉबर्ट कॉख याने १९०२ मध्ये अशा वाहकांकडे लक्ष वेधले. पण सामान्य जनांस ही गोष्ट पटली ती अमेरिकेतील एका स्वयंपाकिणीमुळे. मेरी मॅलन ही आयर्लंडमध्ये १८६९ साली जन्मलेली गरीब स्त्री. कोवळ्या वयात ती अमेरिकेत आली आणि श्रीमंतांच्या घरी स्वयंपाक करून स्वतःचे पोट भरू लागली. तिच्या हाताला चव होती. १९०६ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कजवळ ऑयस्टर बे येथे एका सावकारी पेढीच्या मालकाने भाड्याने घेतलेल्या बंगल्यात ११ माणसांपैकी ६ जण विषमज्वराने आजारी पडले. बंगला पुन्हा भाड्याने जाणार नाही या भीतीने घरमालकाने जॉर्ज सोपर या आरोग्य-अभियंत्यास चौकशीसाठी नेमले. त्याने पाणी पाहिले, दूध पाहिले, शौचकूप पाहिले. कशातच दोष निघेना. तेव्हा त्याचे लक्ष माणसांकडे वळले. आजार सुरू होण्याच्या सुमारे ३ आठवडे आधी घरात नवी स्वयंपाकीण आली होती आणि साथीनंतर ती निघून गेली होती. त्याने तिच्या मागील ८ नोकऱ्यांचा माग काढला. त्यांतील ७ घरांत ती असताना विषमज्वर झालेला आढळला. रोगी २२, मृत्यू १.

येथे एक प्रश्न उभा राहतो. उकळत्या अन्नात हा जंतू टिकत नाही. मग स्वयंपाकिणीच्या हातून तो ताटात उतरला कसा? सोपरचा तर्क असा, की मेरी ताज्या पीच फळांच्या फोडी घालून आइस्क्रीम करीत असे, आणि त्याला चुलीचा स्पर्श नव्हता. शिजलेल्या अन्नाने नव्हे, तर न शिजलेल्या पदार्थाने व न धुतलेल्या हाताने घात केला.

सोपर तिला भेटावयास गेला आणि त्याने तिच्या मलमूत्राचा व रक्ताचा नमुना मागितला, तेव्हा ती मांस कापावयाचा काटा घेऊन त्याच्या अंगावर धावली. लोक ही हकीकत हसून सांगतात. तिच्या जागी दुसरे कोणी असते तर काय केले असते? जी स्त्री कधी आजारी नव्हती, तिला परका पुरुष दारात येऊन 'तू माणसे मारतेस' असे सांगत होता. अखेर १९०७ मध्ये डॉक्टर जोसेफीन बेकर या विदुषीने पोलिसांच्या साह्याने तिला पकडून नेले. मलात जंतू सापडले आणि तिला नॉर्थ ब्रदर या बेटावर एकटे ठेवण्यात आले. तिने खाजगी प्रयोगशाळेत पाठविलेले नमुने मात्र निर्दोष आले. वाहकाच्या मलात जंतू रोज सापडतातच असे नाही. आज सापडतात, उद्या नाहीत. तिने १९०९ मध्ये न्यायालयात दाद मागितली, ती मिळाली नाही. पुन्हा स्वयंपाक न करण्याच्या वचनावर १९१० मध्ये तिची सुटका झाली. धुण्याच्या कामात मिळकत फारच थोडी. नाव बदलून ती पुन्हा चुलीकडे वळली, आणि १९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रसूतिरुग्णालयात २५ जणांस विषमज्वर झाला. त्यांतील २ दगावले. स्वयंपाकघरात मेरीच होती. तिला पुन्हा बेटावर नेले आणि १९३८ साली मृत्यू येईपर्यंत ती तेथेच राहिली. दोन्ही वेळचा मिळून बंदिवास २६ वर्षांचा.

या दुसऱ्या खेपेचा दोष तिच्या पदरी आहेच. पण न्यूयॉर्कमध्ये तिच्या हयातीतच असे शेकडो वाहक आरोग्यखात्याच्या नोंदीत आले होते आणि त्यांना जन्मभर कोंडले नव्हते. हातचे काम काढून घेतले आणि तितकेच पोट भरेल असे दुसरे काम दिले नाही, तर वचन किती दिवस पाळले जाईल, याचा विचार अधिकाऱ्यांनी करावयास हवा होता.

आता आपल्या शाळेकडे वळू. शालेय पोषण आहार शिजविणारी बाई बहुधा गावातीलच गरीब घरची असते. तिच्या पोटात जंतू आहेत असे मुळीच गृहीत धरू नये. पण नाहीत असेही कोणाविषयी गृहीत धरू नये, आणि यात मुख्याध्यापकही आले. मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने अन्न चाखून पाहावे असा नियम आहे. तो चांगलाच आहे, मात्र चाखल्याने अन्न खारट की अळणी, कच्चे की करपलेले एवढेच कळते. जंतूला चव नसते आणि वासही नसतो. खिचडी व आमटी चुलीवरून उतरते तेव्हा निर्धोक असते. धोका त्यानंतर सुरू होतो. वरून पेरलेली न धुतलेली कोथिंबीर, चिरून ठेवलेली काकडी, हाताने वाढलेला भात, आणि विशेषतः पाण्याचे पिंप, ज्यात पन्नास मुलांचे पन्नास हात पेल्यासह बुडतात. भातासाठी मोठा डाव, पाण्यासाठी लांब दांड्याचे ओगराळे किंवा तोटी, आणि शौचकूपाजवळ व चुलीजवळ अशा दोन्ही ठिकाणी साबण, एवढ्याने वाहकाची वाट पुष्कळशी अडते. तो वाहक कोण, हे कळण्याचीही गरज पडत नाही. साबणाचा खर्च कोठून करावा, असा प्रश्न सभेत हमखास निघतो; खडूच्या खर्चाचा मात्र कधी निघत नाही.

स्वयंपाकिणीची तपासणी करावयाची झाल्यास रक्ताच्या विडाल चाचणीवर विसंबू नये. तिने वाहक ओळखता येत नाही. मलाची तपासणी करावी लागते, तीही एकाहून अधिक वेळा, आणि ते काम प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने व्हावे. दोष आढळलाच तर तो कागद फलकावर लावावयाचा नसतो. बाईला एकीकडे बसवून, तिचा काही अपराध नाही हे आधी सांगून, मग उपचार समजावून द्यावा. काही आठवडे नेमाने औषध घेतल्यास अनेक वाहक मुक्त होतात. कोणाचे पित्ताशय काढावे लागते. तोवर तिला झाडलोटीचे वा बागेचे काम द्यावे आणि मानधन थांबू नये यासाठी मुख्याध्यापकाने स्वतः खटपट करावी. मानधन थांबले, की पुढच्या खेपेस गावातील कोणतीही बाई नमुना द्यावयास येणार नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. अमक्या जातीच्या बाईच्या हातचे आमची मुले खाणार नाहीत, असे म्हणणारे पालक काही गावांत आजही भेटतात. जंतूची ही माहिती त्यांच्या हाती आयते निमित्त म्हणून पडता कामा नये. पित्ताशयाला जात नसते. तपासणी करावयाची तर ती अन्नाला व पाण्याला हात लावणाऱ्या सर्वांची करावी, एकटीची करू नये.

लसीविषयीही पालक विचारतात. या रोगाची नव्या पद्धतीची लस नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ मध्ये मोहीम काढून ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या एक लाखाहून अधिक मुलांना टोचली. लस घेतलेल्या मुलास विषमज्वराची भीती पुष्कळ कमी होते. परंतु वाहकाच्या पित्ताशयात आधीच घर करून बसलेले जंतू ती काढून टाकीत नाही. म्हणून मुले लस टोचून आलेली असली, तरी पाण्याच्या पिंपाला तोटी बसवावीच लागेल.