माळ आमची, नाव कुणाचं?

आम्ही अलिबाग तालुक्यातल्या कांदेवाल्या. कार्ले, खंडाळे, नेहुली, वाडगाव, तळवली या बाजूच्या गावांतून ज्या पांढऱ्या कांद्याच्या माळा बाजारात येतात, त्या वळणारे हात आमचे. सध्या काढणीचे दिवस आहेत. रेडिओवाल्या ताई म्हणाल्या, तुमच्या कांद्याबद्दल बोला. कांद्याबद्दल तर बोलूच, पण त्याच्यावरच्या नावाबद्दलही बोलायचं आहे.

आधी कांदा होतो कसा ते सांगतो. आमची शेती घरची, थोडक्यात भागणारी. कुणाची वीस गुंठे, कुणाची एकर-दीड एकर. पावसाळ्यात त्याच खाचरात भात. भात कापून झोडून झाला की जमिनीत ओल असते, तोवर आम्ही कांद्याची रोपं तयार करून ठेवतो. नोव्हेंबर-डिसेंबरात लावणी. थंडीत कांदा पोसतो आणि अडीच-तीन महिन्यांत तयार होतो. नांगरट आणि पाण्याची पाळी बहुतेक घरांत पुरुष बघतात. लावणी, खुरपणी, काढणी आणि माळा ही कामं आमची. लावणीला जशी कंबर वाकते तशी काढणीलाही वाकते. कांदा हातानं उपटायचा, कारण पात शाबूत राहिली पाहिजे. पात तुटली की माळ नाही, आणि माळ नसली तर गिऱ्हाईक त्याला अलिबागचा कांदा म्हणायला तयार नाही.

माळ वळणं म्हणजे केसांची वेणी घालण्यासारखंच, पण केस रोज मिळतात, पात एकदाच. ती अर्धवट सुकलेली हवी. कडक झाली तर तुटते, ओली राहिली तर माळेतच कुजते आणि शेजारचे चार कांदे घेऊन जाते. म्हणून काढणी झाली की ऊन किती, वारा कुठला, आभाळ आलंय का, यावर आमचं सगळं लक्ष. फेब्रुवारी-मार्चात अवकाळी पाऊस शिंतडला तर रात्री उठून कांदा घरात घ्यायचा. मोठा कांदा एका माळेत, मध्यम दुसऱ्या, बारीक तिसऱ्या. हे निवडणंही हातालाच कळतं.

माळेच्याही आधी असतं बी. कांद्याचं बी दुकानातून आणायचं म्हटलं तर मिळतं, पण ते आमच्या कांद्याचं नसतं. काढणी झाली की सगळ्या ढिगातून आम्ही बियाण्याचे कांदे वेगळे काढतो. गोल, पातळ मानेचे, एकाच डोळ्याचे, शुभ्र. ते पावसाळाभर आढ्याला टांगून सांभाळायचे. कुजला तो काढून टाकायचा. पाऊस सरला की तेच कांदे परत जमिनीत लावायचे. मग थंडीत त्यांना डेंगळे येतात, वर फुलांचे गोंडे धरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी काळं बी हाती येतं. म्हणजे यंदा तुमच्या ताटात जो कांदा आहे, त्याचं बी धरायला कांदा निवडला होता दोन वर्षांपूर्वी. कांद्याचं बी फार काळ टिकत नाही. वर्ष उलटलं की उगवण झपाट्यानं कमी होते. त्यामुळे एक वर्ष जरी कुणी बी धरलं नाही, तरी त्या घरचं वाण तुटतं.

शिवाय हे एका घराचं काम नव्हे. कांद्याच्या फुलावर मधमाश्या येतात आणि इकडचा पराग तिकडे नेतात. शेजारच्या वाफ्यात कुणी बाहेरचा कांदा डेंगळ्यावर सोडला, तर त्याचा गुण आपल्या बियात उतरतो. म्हणून आमच्या सासवा बियाचे कांदे लावण्याआधी शेजारणीला विचारायच्या, ‘तू कुठला लावलास गो?’ त्या वेळी आम्हाला ती चौकशी वाटायची. आता कळतं, त्या वाण राखत होत्या.

हा कांदा नवा नाही. कुलाबा जिल्ह्याच्या १८८३ सालच्या गॅझेटिअरमध्येही त्याची नोंद आहे. तो गोडसर, तिखटपणाला कमी, चिरताना डोळ्यांतून पाणी काढत नाही. मुंबईची माणसं इकडे आली की परतताना गाडीत माळ ठेवतात. मांडव्याला २०२० मध्ये रो-रो बोट सुरू झाली, तेव्हापासून गाड्या जास्त येतात आणि माळा जास्त खपतात. तशाच दुसऱ्या माळाही खपू लागल्या. पांढरा कांदा इतर ठिकाणीही पिकतो. तो आणायचा, पात बांधायची आणि ‘अलिबागचा कांदा’ म्हणून रस्त्यावर टांगायचा. गिऱ्हाईक फसतं, घरी जाऊन कांदा चिरतं, डोळे पुसतं आणि म्हणतं, अलिबागच्या कांद्यात पूर्वीसारखी मजा नाही राहिली. नाव आमचं जातं.

आता थोडं लांबचं सांगतो. दारूची तारीफ करायला नव्हे, शेतीची गोष्ट म्हणून ऐका. फ्रान्समध्ये शँपेन नावाचा प्रांत आहे. तिथल्या द्राक्षांची वाइन जगभर त्याच नावानं विकली जाते. आपल्याला वाटतं, केवढे मोठे बागाईतदार असतील. पण तिथले बहुतेक मळे छोट्या घरांचे आहेत. सुमारे १६ हजार कुटुंबं द्राक्ष पिकवतात, पिढ्यान् पिढ्या. दर वर्षी काढणीचा हंगाम दोन-तीन आठवड्यांचा. तिथं द्राक्ष हातानंच तोडायचं असा नियम आहे, यंत्र चालत नाही, कारण घड अख्खा राहिला पाहिजे. आपल्या पातीसारखंच. हंगाम कधी सुरू करायचा तेही गावोगाव ठरवून देतात, कुणी मनाला येईल तेव्हा कैची लावायची नाही.

या शँपेनवाल्यांवर आपल्यासारखीच वेळ आली होती, शंभरहून अधिक वर्षांपूर्वी. द्राक्षाच्या मुळांना कीड लागलेली, १९१० सालचं पीक बुडालेलं, आणि काही व्यापारी दुसऱ्या प्रांतातून स्वस्त माल आणून तोच शँपेन म्हणून विकत होते. जानेवारी १९११ मध्ये शेतकऱ्यांनी बाहेरचा माल घेऊन येणाऱ्या गाड्या अडवल्या आणि माल मार्न नदीत ढकलून दिला. एप्रिलमध्ये जाळपोळ झाली, सरकारला फौज बोलवावी लागली. जाळपोळ चांगली, असं आम्ही म्हणत नाही. पण त्यांचं मागणं साधं होतं: आमच्या गावचं नाव आमच्याच मालावर असू द्या. पुढे १९२७ साली कायद्यानं त्या प्रांताची हद्द ठरली, आणि १९३५ मध्ये साऱ्या फ्रान्ससाठी गावाच्या नावाचं रक्षण करणारी व्यवस्था उभी राहिली.

आपल्याकडे त्यालाच भौगोलिक मानांकन म्हणतात, लोक जीआय म्हणतात. त्याचा कायदा १९९९ चा. आपल्या रायगडसह कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये मानांकन मिळालं. अलिबागच्या पांढऱ्या कांद्यासाठी २०१९ साली अर्ज झाला. कृषी विभाग आणि दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ यांनी त्यासाठी मेहनत घेतली, आणि २०२२ मध्ये कांद्याला मानांकन मिळालं. त्या दिवशी आम्हीही पेढे वाटले.

पण मैत्रिणींनो, मानांकन मिळालं म्हणजे कांद्याला मिळालं. ते वापरायचं असेल तर प्रत्येक उत्पादकानं आपलं नाव ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंदवावं लागतं. नोंद असली की पिशवीवर, माळेच्या चिठ्ठीवर ते चिन्ह लावता येतं, आणि खोटा माल विकणाऱ्याविरुद्ध उभं राहता येतं. आता ही नावं कुणाची लागतात? गावात यादी होते ती सातबारा बघून. सातबारा सासऱ्यांचा, नाहीतर दिरांचा, नाहीतर नवऱ्याचा.

आमच्यातल्या एकीची गोष्ट सांगतो, नाव सांगत नाही. तिचा नवरा वारला तेव्हा मुलं लहान होती. जमीन एकत्र कुटुंबाची, उताऱ्यावर दिरांचं नाव. दीर नोकरीला, शेतात ते रविवारी यायचे. वीस वर्षं कांदा तिनंच लावला, बीही तिनंच धरलं. आमच्यापैकी चार-पाच घरांचं बी संपलं होतं तेव्हा तिच्याकडूनच मूठमूठ आणलं होतं. मानांकनाची माहिती द्यायला गावात बैठक झाली तेव्हा यादीत दिरांचं नाव होतं, तिचं नव्हतं. विचारलं तर सांगितलं, ‘वहिनी, तुमच्या नावावर शेत कुठंय?’ दीर वाईट नाहीत. ते म्हणाले, नाव माझं असलं म्हणून काय झालं, पैसे घरातच येणार ना? ती गप्प बसली. पण घरी येताना आम्हाला म्हणाली, ‘पैशाचं नाही गो. उद्या मी नसले तर हे बी कुणाचं होतं, ते कुठं लिहिलेलं असणार?’

तिच्या या प्रश्नानं आम्ही कागद शोधायला लागलो. कायद्याची पुस्तकं वाचणाऱ्या एका वकीलताईंना धरलं. त्यांनी समजावलं ते तुम्हालाही सांगतो. जीआयच्या कायद्यात ‘उत्पादक’ या शब्दाचा अर्थ दिलेला आहे. शेतमालाच्या बाबतीत उत्पादक म्हणजे माल पिकवणारी व्यक्ती, आणि त्यात त्या मालावर प्रक्रिया करणारी किंवा तो बांधणारी व्यक्तीही येते. जमिनीचा मालक असा शब्द तिथं नाही. म्हणजे जी लावते, खुरपते, काढते, ती पिकवणारी. जी निवडून माळ वळते, तिलाही ‘मी बांधणारी आहे’ असं म्हणायला कायद्यात जागा आहे. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणातही शेतकरी म्हणजे फक्त जमीनमालक असं धरलेलं नाही, शेतात राबणाऱ्या बायकांनाही शेतकरी म्हटलं आहे. आणि अर्जाची फी? पूर्वी ५०० रुपये होती, २०२० मध्ये ती १० रुपयांवर आणली. दहा रुपयांत आज चहासुद्धा जेमतेम येतो.

शँपेनचीच अजून एक गोष्ट. तिथं बार्ब-निकोल क्लिको नावाची बाई होऊन गेली. १८०५ साली तिचा नवरा वारला तेव्हा ती २७ वर्षांची होती. घरचा धंदा बुडेल असं सगळ्यांना वाटलं. तिनं तो हातात घेतला आणि नावारूपाला आणला. त्या काळच्या फ्रान्सच्या कायद्यात लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या परवानगीशिवाय धंदा करता येत नसे. विधवेला मात्र येत असे. म्हणून आजही तिच्या बाटलीवर जे नाव छापलेलं असतं, त्याचा अर्थ ‘विधवा क्लिको’ असा होतो. त्या बाईचा आम्हाला अभिमान वाटतो, आणि वाईटही वाटतं. बाईचं नाव मालावर यायला नवरा मरावा लागावा का? आमच्याकडे तर नवरा गेल्यावरही नाव येत नाही. ते नवरा, सासरे, दीर सगळे सुखरूप असताना, सगळ्यांच्या राजीखुशीनं आलं पाहिजे.

सातबाऱ्याचंही तसंच. नवऱ्यानं आपल्या हयातीत बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावावं, यासाठी महाराष्ट्रात १९९२ पासून लक्ष्मी मुक्ती योजना आहे. अर्ज तलाठी कार्यालयात, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे द्यायचा. घरात भांडण काढायची गरज नाही. जेवताना विषय काढा. ‘कर्ज काढायचं झालं, नुकसानभरपाईचा पंचनामा झाला, तर तुम्ही कामावर असताना सही करायला मी घरात असते,’ एवढं सांगितलं तरी पुष्कळ घरांत पटतं.

आम्ही काय ठरवलं आहे तेही सांगून टाकतो. या हंगामात आम्ही बी धरणाऱ्या बायकांची एक वही केली आहे. कुणी किती कांदे बियाला ठेवले, कुठं लावणार, बी कुणाकडून आलं, सगळं तारखेसकट लिहायचं. पहिल्या पानावर त्या मैत्रिणीचं नाव आहे. उद्या अर्जाबरोबर पुरावा मागितला तर दाखवायला कागद हवा. आणि दुसरं, अधिकृत वापरकर्त्याचा अर्ज प्रत्येकीनं आपापल्या नावानं भरायचा. मंजूर होईल का, किती दिवसांत होईल, ते आज सांगता येणार नाही. पण यादीत नाव नाही असं परत कुणी म्हणालं, तर ‘अर्ज दिलाय’ असं म्हणता तरी येईल.

आणि ज्या मैत्रिणी कांदा पिकवत नाहीत, फक्त विकत घेतात, त्यांनाही एक काम. माळ घेताना भाव जरूर करा, पण त्याआधी विचारा, ‘कुठल्या गावचा? कुणी पिकवला?’ आमचा माल असेल तर विकणारीच गाव सांगेल, शेत सांगेल, आणि वेळ असला तर माळ कशी टिकवायची तेही सांगेल. वारा लागेल अशा जागी टांगा, फ्रिजमध्ये ठेवू नका, आणि खालच्या टोकापासून एकेक कांदा कापून घ्या म्हणजे वेणी सुटत नाही.

चला, आभाळ जरा भरल्यासारखं दिसतंय. अंगणात कांदा पसरलेला आहे, तो आत घ्यायला हवा.